एरेलीच्या तंबूत काय घडलं?

जपानी चित्रकथाकार कातो कोतोनो यांची 'शोकोकु नो अल्ताइर' ही मांगा एका खुनापासून सुरू होते. शेजारच्या साम्राज्याचा मंत्री मारला जातो, मारणारा बाण तुर्किये नावाच्या राज्याच्या खुणेचा निघतो आणि दोन्ही देश शस्त्रं परजू लागतात. महमुत नावाचा कोवळ्या वयाचा पाशा त्या पुराव्यातला बनाव उघड करतो आणि लढाई तेवढ्यापुरती टळते. २००७ पासून कोदान्शाच्या 'मंथली शोनेन सिरियस' मासिकात क्रमशः आलेल्या या मालिकेला २०१७ मध्ये कोदान्शाचा मांगा पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी तिची अ‍ॅनिमे मालिकाही आली. पाशा, दिवाण, फेटे, कारवानसराया, बाजार, सगळं उस्मानी साम्राज्यातून उचललेलं आहे आणि ते उचलताना कातोबाईंनी अभ्यास केलेला पानोपानी दिसतो.

एक गोष्ट मात्र त्यांनी मुद्दाम गाळली आहे. त्यांच्या तुर्कियेत सुलतान नाही. तिथे पाशांची सभा राज्य चालवते. त्यामुळे बापानंतर गादी कुणाची, हा प्रश्न त्या राजधानीत उभाच राहत नाही. खऱ्या उस्मानी राजकारणाची धार याच प्रश्नाला होती. मेहमेद दुसऱ्याच्या कानूननाम्यात तर गादीवर येणाऱ्या सुलतानाने राज्याच्या स्वास्थ्यासाठी भावांना मारलं तरी ते योग्यच, असा नियमच लिहून ठेवलेला होता. म्हणजे सुलतानाच्या प्रत्येक मुलापुढे दोनच वाटा होत्या. गादी, नाहीतर रेशमी दोरी. या व्यवस्थेतला सर्वांत गाजलेला मृत्यू १५५३ मधला आहे. त्यातही बनावट पुराव्याची गोष्ट आहे, आणि ती तपासणारा महमुत तिथे कुणी नव्हता. कागद मात्र मागे राहिले आहेत.

निर्विवाद भाग थोडा आहे, तो आधी सांगतो. हिजरी ९६० च्या शव्वाल महिन्याच्या अखेरीस, ख्रिस्ती कालगणनेने ६ ऑक्टोबर १५५३ च्या सुमारास, कोन्या प्रांतातल्या एरेलीजवळ सुलतान सुलेमानची छावणी पडली होती. इराणच्या शाह तहमास्पवर स्वारी निघाली होती. अमास्याचा कारभार पाहणारा थोरला शाहजादा मुस्तफा बापाच्या भेटीला आला. वय अडतीसच्या आसपास. तो सुलतानाच्या तंबूत शिरला आणि आतच त्याचा गळा आवळला गेला. त्याच दिवशी वजीरे-आझम रुस्तुम पाशाचे शिक्के काढून घेऊन ते कारा अहमद पाशाला दिले गेले. नोव्हेंबर संपता संपता सुलेमानचा धाकटा, पाठीला कुबड असलेला मुलगा जहांगीर हलब शहरात वारला. मुस्तफाचा लहानगा मुलगाही बुर्सा इथे मारण्यात आला.

लोकांना ठाऊक असलेली कथा याहून पुष्कळ भरगच्च आहे. मुस्तफा माहीदेवरानचा मुलगा. सुलेमानची लाडकी आणि पुढे रीतसर लग्नाची बायको झालेली हुर्रेम हिला आपल्या पोटच्या मुलांपैकी कुणीतरी गादीवर हवा होता. तिची मुलगी मिहरिमाह रुस्तुमला दिलेली. सासू-जावयाने मिळून मुस्तफाच्या नावाचा खोटा शिक्का कोरवला, शाह तहमास्पला दोस्तीचं पत्र धाडलं, शाहाचं उत्तर 'पकडलं' आणि म्हाताऱ्या सुलतानापुढे ठेवलं. २०११ ते २०१४ या काळात चाललेल्या 'मुहतेशेम यूझयिल' या तुर्की मालिकेने ही कथा घराघरांत नेली. मुस्तफाच्या मृत्यूचा भाग दाखवल्यावर बुर्सातल्या त्याच्या कबरीवर माणसांची रीघ लागली होती. नारायणराव पेशव्यांच्या खुनाचं नाव काढलं की मराठी माणसाच्या तोंडी आधी 'ध'चा 'मा' येतो, तसाच हा प्रकार. खून खरा, कट खरा, पण लक्षात राहतो तो कागदात फेरफार केल्याचा किस्सा. असा किस्सा जितका नेटका, तितकी त्याच्या जन्माची तारीख आधी विचारावी.

मृत्यूच्या आधीच्या कागदांकडे प्रथम वळू. ज्यांनी ते लिहिले त्यांना पुढे काय होणार हे माहीत नव्हतं, म्हणून त्या कागदांचं मोल जास्त.

व्हेनिसचा इस्तंबूलमधला वकील बेर्नार्दो नावाजेरो १५५३ च्या फेब्रुवारीत मायदेशी सिनेटपुढे आपला अहवाल मांडतो. व्हेनिसच्या वकिलांचा हा रिवाजच होता. मुदत संपवून परतल्यावर पाहिलं-ऐकलं ते सविस्तर सादर करायचं. या अहवालांचा मोठा संग्रह एउजेनियो अल्बेरी याने एकोणिसाव्या शतकात फ्लॉरेन्सला छापून काढला. नावाजेरो सांगतो की मुस्तफावर फौजेचा फार जीव आहे. अमास्याला आई माहीदेवरान त्याच्याजवळच असते, त्याच्यावर विषप्रयोग होऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून असते आणि तो तिचा शब्द खाली पडू देत नाही. हे लिहिलं गेलं तेव्हा एरेलीचा प्रसंग आठ महिने दूर होता. म्हणजे शाहजाद्याच्या जिवाला धोका आहे, ही गोष्ट परदेशी वकिलाच्याही कानावर होती. पण या अहवालात त्याचा इराणच्या शाहाशी काही संबंध असल्याचा मागमूस नाही. व्हेनिसला अशी बातमी लाखमोलाची वाटली असती.

दुसरा कागद तोपकापी राजवाड्याच्या दफ्तरातला आहे, आणि माझ्या मते या प्रकरणातला तोच सर्वांत महत्त्वाचा. मुस्तफाने एर्झुरूमचा बेलरबेय आयास पाशा याला पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की वडिलांच्या हयातीत कोणतीही आगळीक करायचा आपला मानस नाही. त्यांच्या पश्चात मात्र गादीवर आपला हक्क आहे, आणि त्या वेळी तुमची साथ हवी. आयास पाशाचं उत्तरही उपलब्ध आहे. ते अदबीचं आहे, शुभचिंतन करणारं आहे आणि आश्वासक आहे.

या पत्राचे दोन अर्थ लागतात आणि दोन्ही एकाच वेळी खरे आहेत. शाहजाद्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर यात बंडखोरी नाही, उलट बंड करणार नाही अशी ग्वाही आहे. ज्या घरात गादी चुकली तर मान जाते, तिथे बापानंतरची तजवीज आधी करणं ही साधी अक्कल झाली. पण एर्झुरूम म्हणजे इराणच्या सरहद्दीवरचा लष्करी सुभा. तिथला सुभेदार सुलतानाचा नोकर, आणि तो सुलतान जिवंत असताना पुढच्या धन्याशी बोलणी करतो आहे. तहमास्पला लिहिलेलं खोटं पत्र सुलेमानला दाखवायची कुणाला गरज तरी काय होती? हे अस्सल पत्र पुरे होतं.

सुलेमानला ते पुरे का वाटावं, याचं उत्तर त्याच्या स्वतःच्या आयुष्यात आहे. १५१२ मध्ये त्याचा बाप सेलीम याने जानिसारी पलटणींच्या बळावर आजोबांना, म्हणजे बायेझिद दुसऱ्याला, गादीवरून खाली ओढलं. पदच्युत म्हातारा राजधानी सोडून निघाला आणि वाटेतच वारला. सेलीमने या उठावाची जुळवाजुळव क्रिमियातल्या केफे इथून केली होती आणि केफेचा कारभार तेव्हा सुलेमानच पाहत होता. वय वर्षं सतरा. लाडका शाहजादा, म्हातारा सुलतान आणि शाहजाद्याच्या बाजूची फौज, हे तिन्ही एकत्र आले की काय होतं, हे त्याने ग्रंथात वाचलेलं नव्हतं. १५५३ मध्ये तो साठीच्या उंबरठ्यावर होता, आणि आजोबांच्या जागी आता तो स्वतः होता.

मुस्तफाची १५४१ मधली बदलीही या संदर्भात नेहमी सांगितली जाते. तो आधी मनिसाला होता, तिथून त्याला अमास्याला पाठवलं. सरळ रेषेत मोजलं तर इस्तंबूलहून मनिसा सुमारे ३०० किलोमीटर, अमास्या पावणेसहाशेच्या घरात. सुलतान गेल्याची खबर लागताच जो आधी राजधानी गाठेल त्याची गादी, अशी ही शर्यत. त्यामुळे ही बदली म्हणजे हुर्रेमचा पहिला डाव, असं म्हणतात. पुढे मनिसाला तिचा मेहमेद गेला आणि तो १५४३ मध्ये वारल्यावर तिचाच दुसरा मुलगा, आजोबांच्या नावाचा सेलीम, यामुळे या म्हणण्याला जोर येतो. पण अमास्या ही पूर्व सरहद्दीच्या पाठीशी असलेली जबाबदारीची जागा होती आणि अनुभवी, थोरल्या मुलालाच तिथे ठेवणं हाही राज्यकारभाराचाच विचार असू शकतो. केवळ बदलीच्या तारखेवरून कट सिद्ध होत नाही.

हुर्रेमची सुलेमानला लिहिलेली पत्रंही तोपकापीतच आहेत. त्यांवर तारखा नाहीत, म्हणून ती वापरताना हात आखडता घ्यावा लागतो. त्यांत विरहाचं दुःख आहे, मुलांची खबरबात आहे, शहरात उठणाऱ्या वावड्यांचा उल्लेख आहे. एका पत्रात ती रुस्तुमची रदबदली करते. त्याच्यावरची मर्जी कमी करू नका, इतरांचं ऐकू नका, मिहरिमाहकडे पाहून तरी, अशा सुरात. सासू जावयाच्या पाठीशी उभी होती, एवढं यातून पक्कं होतं. मुस्तफाला मारा, असं कोणत्याही पत्रात नाही. अर्थात असल्या गोष्टी पत्रात लिहीत नाहीत, हेही खरं. पण 'लिहीत नाहीत' हा पुरावा नव्हे.

आता १५५२ च्या अखेरीकडे येऊ. स्वारीचं सरदारपद रुस्तुमकडे होतं आणि तो फौज घेऊन आनातोलियात अक्सरायपर्यंत गेला होता. तिथून त्याने सुलतानाला कळवलं की फौजेत कुजबुज आहे. सुलतान थकला, स्वारीला निघवत नाही, मुस्तफाने नेतृत्व घ्यावं, वाटेत आडवा येणारा रुस्तुमच आहे, असं शिपाई बोलतात. ही हकीकत तुर्की इतिहासकारांनी दिली आहे आणि युरोपीय वृत्तान्तांतही ती आहे. सुलेमानने रुस्तुमला माघारी बोलावलं आणि स्वारीवर स्वतः निघायचं ठरवलं. २८ ऑगस्ट १५५३ रोजी तो उस्कुदारहून निघाला. मधला मुलगा बायेझिद एदिर्नेला पाठवला, राजधानीच्या पाठराखणीला. सेलीम आणि जहांगीर फौजेबरोबर. या मांडणीकडे नीट पाहिलं तर सुलतान इराणवर निघाला होता आणि घरच्या गादीचा बंदोबस्तही करत निघाला होता, असंच म्हणावं लागतं. रुस्तुमने बातमी फुगवली असेल, नसेल. पण फौजेचं मन कुठे आहे हे नावाजेरोने त्याच हिवाळ्यात वेगळ्या वाटेने टिपलेलं आहे. म्हणजे बातमी निराधार नव्हती.

इथे दफ्तरातली एक तारीख आडवी येते. उस्मानी दिवाणाच्या हुकमांच्या नकला ज्या वह्यांत उतरवल्या जात, त्या मुहिम्मे दफ्तरांची सलग मालिका हिजरी ९६१ पासून सुरू होते. त्याआधीच्या काही सुट्या वह्या आहेत, मालिका नाही. मुस्तफा मेला ९६० मध्ये. शिवाय असला हुकूम दिवाणात मंजूर होऊन वहीत चढत नसतो. तंबूतल्या तंबूत तो तोंडी दिला जातो.

तेव्हा मृत्यूनंतरच्या साधनांवर यावं लागतं, आणि गडबड इथून सुरू होते.

सर्वांत आधी बोलले ते कवी. मुस्तफावर डझनभराहून अधिक मर्सिये, म्हणजे शोकगीतं, लिहिली गेली. राजाने मारलेल्या माणसासाठी राजाच्याच राज्यात इतकी गीतं, हेच केवढं मोठं साधन आहे. त्यांत गाजलं ते ताश्लिजाली याह्याचं. हा शिपाईगडी कवी. त्याने रुस्तुमचं नाव घेऊन त्याला दोषी ठरवलं आणि सुलतानाबद्दल मात्र राखून बोलला. निसायी नावाच्या कवयित्रीने तेही पथ्य पाळलं नाही. तिने थेट सुलतानाला बोल लावला आणि रूसच्या चेटकिणीचं ऐकल्याचा ठपका ठेवला. रोख उघडच हुर्रेमवर.

याच काळातला म्हणून एक कालश्लेष सांगितला जातो : 'मक्र-ए-रुस्तम', रुस्तुमचं कपट. अरबी अक्षरांना ठरलेली अंकमूल्यं देऊन बेरीज करायची आणि साल काढायचं, ही अबजदची रीत. करून पाहा. मीम ४०, काफ २०, रे २००, झाले २६०. रे २००, सीन ६०, ते ४००, मीम ४०, झाले ७००. एकूण ९६०. साल बिनचूक जुळतं. वाचणाऱ्याला वाटतं, बघा, त्याच वर्षी लोकांनी गुन्हेगार ओळखला. पण असा श्लेष घटनेचं साल सांगतो, तो कधी रचला गेला याचं साल सांगत नाही. हिशेबी माणसाला तो दहा वर्षांनीही जुळवता येतो.

याह्याच्या धाडसाबद्दलही दोन तारखा जवळजवळ ठेवाव्या लागतात. रुस्तुम बडतर्फ झाला त्याच दिवशी, मुस्तफा गेला त्या दिवशी. म्हणजे मर्सिया लोकांत फिरू लागला तेव्हा तो पदावर नसलेल्या माणसाविरुद्ध होता. २९ सप्टेंबर १५५५ रोजी कारा अहमद पाशाचा वध झाला आणि रुस्तुम पुन्हा वजीरे-आझम झाला. त्यानंतर त्याने याह्याचं डोकं मागितलं, अशी हकीकत आहे. सुलतानाने ते दिलं नाही. कवीच्या नोकऱ्या गेल्या आणि त्याची रवानगी बोस्नियाकडे झ्वोर्निकला झाली. तिथे तो बरीच वर्षं जगला.

युरोपात पहिला छापील वृत्तान्त निकोला द मोफां याचा, बाझेलला १५५५ मध्ये निघालेला. हा बरगंडीचा शिपाई तुर्कांच्या कैदेत पडलेला होता. पुस्तिकेच्या नावातच त्याने या कृत्याला भयंकर म्हटलं आहे. त्याच्याकडे पत्रांचा मुद्दा आहे, पण तो निराळ्या रूपात. मुस्तफा शाहाच्या मुलीशी लग्नाची बोलणी करतो आहे, अशी कागाळी रुस्तुमने जपून ठेवलेल्या पत्रांतून योग्य वेळी पुढे आणली, असं तो सांगतो. खोट्या शिक्क्याची ठसठशीत कथा आपल्याला पुढच्या तुर्की इतिहासकारांच्या परंपरेत भेटते. म्हणजे एकीकडे लग्न, दुसरीकडे शिक्का. दोन्ही ठिकाणी पत्र आहे, पण तेच पत्र नाही. खऱ्या घटनेचे तपशील सांगणाऱ्यागणिक थोडेफार हलतात. मूळ वस्तूच बदलत असेल तर अफवेचा वास येतो.

मग बुस्बेक. हाब्सबुर्गांचा हा वकील १५५५ च्या जानेवारीत इस्तंबूलला पोचला आणि एप्रिलमध्ये थेट अमास्याला, जिथे सुलतानाचा मुक्काम होता आणि मे महिन्यात इराणशी तह झाला. मुस्तफा ज्या गावात बारा वर्षं राहिला, तिथे तो दीड वर्षाच्या सुमारास हजर होता, इतकं त्याच्या बाजूने. त्याचं वर्णन विलक्षण आहे. तंबूतले मुके मारेकरी, शाहजाद्याची त्यांच्याशी झटापट, पडद्याआडून डोळ्यांनीच धाक घालणारा बाप. मुफ्तीला सुलतानाने आडून विचारलेला सवाल, की एका व्यापाऱ्याच्या गुलामाने मालकाच्या माघारी त्याच्या घरावर घाला घालायचा बेत केला तर त्याला काय शिक्षा. त्या दिवशी जानिसारींनी अन्नपाणी वर्ज्य केल्याची नोंद. आणि बुर्साची गोष्ट. नातवाला मारायला पाठवलेल्या खोज्याने मुलाच्या आईला गाडीत बसवून फिरायला काढलं, गाडीचा आस ठरल्याप्रमाणे मोडला, मुलगा पुढे नेला गेला आणि मागून धावत आलेल्या आईला प्रेतच दिसलं.

मोडलेल्या आसासारखा तपशील माणूस उगाच रचत नाही, असं वाटतं. पण तो तंबूत नव्हता आणि बुर्सालाही नव्हता. त्याच्या पहिल्या पत्राखाली १ सप्टेंबर १५५५ ही तारीख आहे, मात्र ते छापून आलं १५८१ मध्ये, अँटवर्पला. मधल्या सव्वीस वर्षांत त्यावर साहित्यिक हात फिरला नसेल, असं समजायला फार भाबडेपणा लागतो. जानिसारींच्या उपासासारख्या छावणीतल्या बोलण्याला मी त्याची साक्ष मानतो. पडद्यामागच्या डोळ्यांना मानत नाही. ते डोळे पाहणारा साक्षीदार एकतर मेला होता, नाहीतर मुका होता.

तुर्की इतिहासकारांत मुस्तफा आली आणि इब्राहिम पेचेवी यांची नावं नेहमी येतात. आलीने आपला मोठा इतिहास १५९० च्या दशकात लिहिला. १५५३ मध्ये तो बारा वर्षांचा होता. पेचेवी तर जन्मलाच नव्हता. तरुणपणी आली शाहजादा सेलीमच्या चाकरीत होता, हे विसरून चालत नाही. मुस्तफाच्या मृत्यूचा फायदा अखेर कुणाला झाला तर सेलीमला. त्याच्या दरबारात वाढलेल्या माणसाला रुस्तुम हा सोयीचा खलनायक होता. तोवर रुस्तुम मरून तीस वर्षं उलटली होती.

ही सगळी साधनं शेजारी ठेवली की एक गोष्ट नजरेत भरते. ज्याला ज्याच्याकडे बोट दाखवणं परवडलं, त्याने त्याच्याकडे दाखवलं. कवीला बडतर्फ वजीर परवडला. बाझेलच्या वाचकाला तुर्कांचा क्रूरपणा आणि जनान्यातली कारस्थानी बाई हवी होती, ती मिळाली. गाब्रिएल बूनँ याने १५६१ मध्येच 'ला सुलतान' ही फ्रेंच शोकांतिका या विषयावर रचली. पुढे इंग्लंडात फल्क ग्रेव्हिलने 'मुस्तफा' लिहिलं, इटलीत बोनारेल्लीने 'इल सोलिमानो'. उस्मानी राजकारणातून नाट्य काढण्याचा हा धंदा जपानी मांगाच्या साडेचारशे वर्षं आधी सुरू झालेला आहे.

खोट्या पत्राच्या विरुद्ध सर्वांत मोठा पुरावा मला रुस्तुमच्या पुनरागमनात दिसतो. आपल्याला फसवून मुलाचा जीव घ्यायला लावणाऱ्या माणसाला सुलेमानने दोन वर्षांत पुन्हा शिक्के दिले असते का? आणि तेही रुस्तुमच्या कपटाची गीतं लोक म्हणत असताना? १५५३ ची बडतर्फी ही खवळलेल्या फौजेच्या तोंडावर फेकलेला तुकडा होता. फौज निवळली, आणि माणूस परत आला. १५६१ मध्ये तो पदावर असतानाच वारला.

दुसरा पुरावा तुलनेचा. पुढे १५५९ मध्ये बायेझिदने भावाशी युद्ध केलं, हरला आणि खरोखरच शाह तहमास्पच्या आश्रयाला पळाला. त्या प्रकरणात काय नाही? शेखुलइस्लाम अबुस्सुऊदचे फतवे आहेत, सुलेमान आणि शाह यांच्यातला पत्रव्यवहार आहे, सोन्याच्या मोबदल्याची बोलणी आहेत. अखेर काझवीनला बायेझिद आणि त्याच्याबरोबरचे मुलगे उस्मानी मारेकऱ्यांच्या हवाली केले गेले. शाहजाद्याचा इराणशी खरा संबंध आला की दफ्तरात कागद असे साचतात. मुस्तफाच्या बाबतीत आपल्याजवळ आहे ते एर्झुरूमच्या सुभेदाराला लिहिलेलं पत्र. शाहाला लिहिलेलं नाही.

माहीदेवरानबद्दलचे कागद थोडे आहेत, पण ते बोलके आहेत. मुलगा गेल्यावर ती बुर्साला राहिली. घराचं भाडं थकलं, देणं वाढलं, बाजारात तिच्या नोकरांना लोक टोचून बोलत आणि फसवत. सुलेमानच्या अखेरच्या दिवसांत तिची देणी फिटली. मग सेलीमने आपल्या कारकिर्दीत तिला घर दिलं आणि मुस्तफाची कबर बांधवून घेतली. ती १५८१ मध्ये वारली आणि बुर्साच्या मुरादियेत मुलाशेजारी पुरली गेली. जिच्याविरुद्ध हा सगळा डाव रचला म्हणतात, त्या बाईच्या म्हातारपणाची सोय सवतीच्या मुलाने केली.

तर निवाडा असा. रुस्तुमने फौजेतली कुजबुज सुलतानाच्या कानावर घातली आणि तिचा फायदाही करून घेऊ पाहिला, हा आरोप टिकतो. शिक्का खोटा कोरवून शाहाला पत्र धाडल्याचा टिकत नाही. हुर्रेमला हा मृत्यू हवा असेल, पण तिच्याविरुद्ध कागद नाही. आहेत ती निसायीची ओळ, परदेशी पुस्तिका आणि नंतरची नाटकं. मुस्तफाने बापाविरुद्ध हत्यार उचललं नव्हतं, त्याच्या मागे बळ मात्र होतं, आणि ते बळच त्याला नडलं. हुकूम सुलेमानचा होता. तो त्याने फसून दिला नाही, हिशेब करून दिला. १५६६ च्या सप्टेंबरमध्ये झिगेतवारच्या वेढ्यात तो वारला तेव्हा त्याचा एकच मुलगा हयात होता, सेलीम, आणि इस्तंबूल गाठण्याच्या शर्यतीत त्याच्याविरुद्ध धावायला कुणीच उरलं नव्हतं.